पुढची आवृत्ती

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसले होते. त्याच्या मांडीवर लॅपटॉप होता. आत तिचा नवरा होता.

"भावजी, त्यांनी लिहिलेला तो कोड, ते फंक्शन, घेऊन टाका ना कर्नलमध्ये. सकाळपासून तेवढंच विचारतायत."

"वहिनी, त्यात चूक आहे."

"केवढीशी?"

"नेटवर्कवरून आलेलं पॅकेट वाचताना ते पॅकेटची लांबीच तपासत नाही. आखूड पॅकेट आलं की पलीकडचं भलतंच काहीतरी वाचत सुटेल."

"मग तुम्हीच करा की दुरुस्त, गुपचूप. तपासणारे तुम्हीच ना?"

"आणि खाली नाव त्याचं? चालेल त्याला?"

"छे. डोक्यात राख घालून घेतील."

"तेच तर. आणि कर्नल म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टिमचा गाभा. एकदा आत गेलेलं फंक्शन सहजी काढता येत नाही. कुणाकुणाचे प्रोग्राम त्यावर उभे राहतात."

"मग मी खोटंच सांगते, घेतलं म्हणून. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत."

"ऐकलं. पण तो दाखव म्हणेल."

"मग काय सांगू त्यांना? तुम्हीच सांगा."

"मी दर वेळी लिहितो तेच. लांबी तपासलेली नाही. दुरुस्त करून पुढची आवृत्ती पाठव, वाट बघतोय."

ती आत गेली. परत आली तेव्हा त्यानं लॅपटॉप मिटला होता.

"चिडला?"

"नाही. हसले. म्हणाले, बरोबर आहे त्याचं, उद्या पाठवतो."