निळा सोडून काहीही

निळा नको. निळा सोडून काहीही दाखवा — हा? हा निळाच झाला ना दादा, तुम्ही त्याला आकाशी म्हणा नाहीतर मोरपंखी म्हणा, कॅमेऱ्यात सगळं निळंच दिसतं, मला विचारा. तो वरच्या थप्पीतला काढा, तो मातकट — हो, जरा उलगडून दाखवा — आणि असं सारखं माझ्याकडे बघू नका, बघायचं ते कापडाकडे बघा. हो, मीच ती. 'पटकन सांगा'मधली काकू. शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर दिसते ती. तुमच्या घरी कोण बघतं, बायको? अरे वा. मग गेल्या शनिवारचा भाग बघितला असेल — बघितला. झालं तर मग. मग तुम्हाला सगळं कळलंच आहे. म्हणजे तुम्हाला वाटतंय की कळलं आहे.

हे कापड आटतं का धुतल्यावर? नाही ना? बरं. तर सांगते, म्हणजे तुम्ही घरी जाऊन बायकोला नीट सांगाल, उगाच गावभर चुकीचं नको. आमचे हे आधी एका मोठ्या दुकानात निवेदक होते, चार मजली, सरकता जिना असलेलं दुकान. 'ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावं, लाल टोपी घातलेला एक मुलगा तळमजल्यावर आईची वाट बघतो आहे' — दिवसभर हेच. आवाज असा, की माणूस हरवलेला नसला तरी त्याने तिथे जाऊन उभं राहावं. मग काय झालं? दुकानाने तो आवाज रेकॉर्ड करून घेतला. ह्यांचाच. चार-सहा वाक्यं घेतली आणि ह्यांना घरी पाठवलं. म्हणजे नोकरी गेली, आवाज तिथेच कामाला.

घरी आले ते मुके होऊनच आले. भांडण नाही, तंटा नाही — भांडले असते तर बरं झालं असतं हो, निदान घरात माणूस आहे असं तरी वाटलं असतं. 'मीठ.' 'दार.' 'झोपतो.' संपलं. मी एकटी किती बोलणार? बोलले, मी पुष्कळ बोलले, पण भिंतीलाही कधीतरी कंटाळा येतो. मग एकदा बहिणीशी व्हिडिओवर बोलत होते, तिच्याकडे सासू, जाऊ, दीर सगळे बसलेले — मी फोन डब्याला टेकवला आणि ह्यांना म्हटलं, मी भाजी चिरते, तोवर तुम्ही त्या सगळ्यांना काहीतरी प्रश्न घाला. सहज म्हटलं. आणि दादा, माणूस ताठ बसला. घसा साफ केला. 'नमस्कार! आपलं सहर्ष स्वागत!' — माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट कुठलं, मागे मागे उडू शकणारा पक्षी कोणता, चूक उत्तर आलं की 'अरेरे, थोडक्यात हुकलं!' बहिणीची सासू हसून हसून खुर्चीवरून घसरली.

तिथून सुरू झालं. बहिणीचे शेजारी आले, शेजाऱ्यांच्या ऑफिसातले आले, मग ओळखदेख नसलेले येऊ लागले. पिंपाच्या झाकणाला रंगीत कागद चिकटवून मी चक्र केलं, फिरवायचं आणि थांबेल तो विषय. सायकलची घंटा लावली. हे प्रश्न विचारायचे आणि मी गुण सांगायचे, मध्येच एखाद्याला हळूच सूचक काहीतरी बोलायचे, हे ओरडायचे, 'मॅडम, उत्तर फोडू नका!' लोकांना प्रश्नांपेक्षा तेच आवडायचं, आमचं आपलं तू-तू मैं-मैं. 'काका-काकूंसारखा संसार हवा' असं लिहायचे खाली. लिहू देत. तुमच्या बायकोनेही लिहिलं असेल, विचारा.

पण कॅमेरा बंद झाला की? कॅमेरा बंद झाला की परत 'मीठ'. तुम्हाला खोटं वाटेल — शनिवारी लोकांसमोर 'आमच्या मॅडमना विचारू या, त्यांना सगळं ठाऊक असतं', आणि रविवारी सकाळी मॅडम समोर बसलेल्या असतात तर माणूस खिडकीतून खाली रस्त्याकडे बघतोय. मग मी काय करायचे? मी घरातलं सगळं शनिवारवर ठेवायचे. 'दाताच्या डॉक्टरकडे गेलात का हो?' हे मी कार्यक्रमात विचारायचे. 'गळका नळ दुरुस्त करायला माणूस कधी येणार?' लोक खो-खो हसायचे, काकू काय बोलतात! मला उत्तर हवं असायचं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं तेसुद्धा मी तिथेच सांगितलं, दुसऱ्या फेरीच्या आधी. हे म्हणाले, 'मॅडमसाठी जोरदार टाळ्या!'

फोन? नाही, कुठे, सहज बघितला. किती वाजले ते बघत होते. — दिसतंय मला तुमच्या भिंतीवरचं घड्याळ. पुढे मागे असतात घड्याळं.

तर मी गेले. मावशीच्या घराची वरची खोली रिकामी होती, तिथे. एकदा ठरवलं आणि गेले. ह्यांनी काय केलं? सामान टेम्पोत चढवायला मदत केली. स्वतः. कपाट धरलं, पेट्या धरल्या. एक वाक्य बोलले — 'आरसा सांभाळून.' तेही टेम्पोवाल्याला.

आणि शनिवार? शनिवार चालूच राहिला! दोन माणसं वेगळी झाली म्हणून चक्र फिरायचं थांबतं थोडंच. ह्यांनी मेसेज केला, 'लोक वाट बघतील', मी लिहिलं, 'बरं'. मग लोकांना सांगायचं काय? तर असं सांगितलं, की एकाच खोलीत मधोमध पडदा टाकलाय — पडद्याच्या अलीकडे हे, पलीकडे मी, पाठीला पाठ, दोघांपुढे आपापला फोन, म्हणजे मी ह्यांचे प्रश्न चोरून बघणार नाही. कापड तुमच्याकडूनच नेलं होतं, तुमचे वडील होते दुकानात, एकाच ताग्याचे दोन तुकडे. एक ह्यांच्या मागे, एक माझ्या मागे. आणि दोन कप, एकसारखे. हे म्हणायचे, 'मॅडम, चहा घ्या,' आणि कप पडद्याच्या कडेने मागे सरकवायचे — आणि मी इकडे पडद्याआडून कप ओढून घ्यायचे. वाफ येणारा! इतका बेमालूम, की माझ्या बहिणीलाही कळलं नाही. चहा मीच केलेला असायचा, आधी, माझ्या शेगडीवर. तरी खरं सांगू का, त्या चहाला — जाऊ दे. रुंदी किती म्हणालात ह्याची? मग दोन पट्टे जोडावे लागतील.

गेल्या शनिवारी अंतिम फेरी. एकीकडे दातांचे डॉक्टर आणि त्यांचं कुटुंब, दुसरीकडे शाळेच्या बसचे ड्रायव्हर, सगळे युनिफॉर्ममध्ये. दोघांचे गुण बरोबरीत. ह्यांनी विचारलं, 'ऑक्टोपसला हृदयं किती?' घड्याळ टिकटिक सुरू — आणि ह्यांच्या मागचा पडदा दांडीसकट खाली आला. धाडकन. दांडी ह्यांच्या खांद्यावर. आणि मागे? मागे मी असायला हवी होते ना, पाठमोरी. मागे एक खाट, खाटेवर वाळलेले कपडे, घडी न केलेले, आणि भिंतीवर आरसा होता तिथे चौकोनी डाग. आणि शेजारच्या चौकटीत मी. माझ्या मागे निळा पडदा, इस्त्री केलेला, जागच्या जागी.

घड्याळाचं टिकटिक तेवढं चालू. मग डॉक्टरांनी विचारलं, दात तपासताना विचारतात तसं, अगदी हळू — 'काकू, तुम्ही आहात कुठे?' आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

मी ह्यांच्याकडे बघत होते. म्हटलं आता काहीतरी विनोद करतील, सावरून घेतील. हे उठले. दांडी अजून खांद्यावरच. आणि तो आवाज लावला — दुकानातला. 'कृपया लक्ष द्यावं. चष्मा लावलेल्या, निळा स्वेटर घातलेल्या एक बाई हरवल्या आहेत. कोणाला आढळल्यास त्यांना सांगावं, तळमजल्यावर त्यांची कोणीतरी वाट बघतं आहे.'

हो ना, तुमची बायको रडली असेल. सगळे रडले. बसचे ड्रायव्हरसुद्धा. मोबाइलवर लोकांनी पाठवलेले लाल बदाम असे उडत होते, की मला ह्यांचा चेहराही दिसेना. मी काय केलं? मी म्हटलं, 'उत्तर तीन. वेळेत कोणीच दिलेलं नाही. गुण नाहीत.' आणि फोन पालथा घातला.

कठोर? मी कठोर? अहो, मी हरवले नव्हते, मी गेले होते. ह्यांनीच तर कपाट उचललं! पत्ता ह्यांना पाठ आहे, दोन बस थांब्यांवर. आणि वाट बघताय तर सांगायचं कोणाला, डॉक्टरांना? ड्रायव्हरांना? शेकडो माणसांना सांगितलं, त्यांतली एक मी. आणि त्यानंतर — ऐका, त्यानंतर आजपर्यंत ह्यांचा एक फोन नाही. तो फळवाला मला सांगतो, काकू, जा परत. मावशी सांगते. बँकेतली ती मुलगी, सही तपासता तपासता सांगते. तुमच्या बायकोचं काय म्हणणं आहे — जावं? हो. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे. सगळ्यांनी मला सांगितलं. एका माणसाने सोडून.

म्हणून उद्या हा पडदा. मातकट. उद्या लोकांना सरळ दिसेल, ते घर ह्यांचं आणि हे माझं, आणि प्रश्न काय, कुठूनही विचारता येतात. मी रागात नाहीये. रागात असते तर लाल घेतला असता. हं, मोजा, आणि चार बोटं जास्तच ठेवा दुमडायला. कापा —

थांबा. नाही, कापू नका, वाजतोय. हेच आहेत. व्हिडिओ. — नाही घेत. नाही, मला माहीत आहे, दांडी परत ठोकली असेल, केस विंचरले असतील, हसरा चेहरा करून बसले असतील. बंद केला. मोजा तुम्ही. कुठवर आलो होतो?

परत. — व्हिडिओ नाही हा. साधाच आहे. नुसता फोन.

दादा, ती कात्री ठेवा जरा. आणि तो पंखा बंद करा, खडखडतोय नुसता, काही ऐकू येणार नाही. — हॅलो. … हो, मीच. … नाही, कोणी नाहीये, एकटीच आहे. — दादा, तुम्ही आत जा बघू जरा. आत, आत. — हं. बोला.