जमखान्यावरच्या वीस जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळात वयाने सगळ्यांत मोठे असलेले गुंडोपंत, व्यासपीठावर बसलेले आजचे सत्कारमूर्ती विद्याधरराव सबनीस, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी प्रेमाताई, मंडळाची चिटणीस कल्पना, आणि या उकाड्यात पंख्याखालची खुर्ची मिळाली नाही तरी बसून राहिलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

कल्पनाने मला पाच मिनिटं दिली आहेत. तिने घड्याळही माझ्यासमोर ठेवलंय. मला भाषणाची सवय नाही. मी घरी कागदावर लिहून आणलंय, ते वाचते. अडखळले तर हसा, पण मोठ्याने नको.

विद्याधरराव येत्या गुरुवारी बेंगळूर सोडून पुण्याला राहायला जाणार. एकतीस वर्षं त्यांनी इथल्या विमानाच्या कारखान्यात नोकरी केली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. कारखान्याचं मला काही कळत नाही. मला कळते ती त्यांची उन्हाळी फेरी. आपण इथले जुने लोक, चिक्कपेठेतले, कॉटनपेठेतले, पिढ्यान् पिढ्या दुकानं चालवणारे. हे पुण्याहून आलेले साहेब. आम्ही त्यांना 'अण्णा' केलं तेव्हा ते म्हणाले होते, "अहो, पुण्यात अण्णा म्हणजे हॉटेलवाला." तरी ते अण्णाच राहिले. मीही तेच म्हणणार.

उन्हाळी फेरी नव्या मंडळींना माहीत नसेल. रामनवमीपासून मेच्या मध्यापर्यंत या शहरात ठिकठिकाणी मंडप उभे राहतात, गाणं-वाजवणं चालतं. अण्णा दर रविवारी मंडळातल्या वीसएक लोकांना सिटी बसने कुठे ना कुठे न्यायचे. कधी यक्षगान, कधी करग उत्सवाची मिरवणूक, कधी नुसतंच आंब्यांचं प्रदर्शन. हातात यादी, गळ्यात शिट्टी. बसमध्ये कंडक्टरला म्हणायचे, "स्वल्प जागा कोडी, आम्ही ट्वेंटी आहोत." एका वाक्यात तीन भाषा, पण जागा मिळायची. या फेऱ्या नसत्या तर आमच्यासारख्या बायकांनी हे शहर पाहिलं असतं का? मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला घर, दुकान आणि बाजार एवढंच बेंगळूर ठाऊक होतं.

गाण्याचं आम्हाला काय कळत होतं म्हणा! प्रेमाताईंना मांडीवर ताल धरायची हौस. एकदा पुढच्या रांगेतल्या अज्जी वळून म्हणाल्या, "अम्मा, तुमचा ताल वेगळा आहे, तो घरी घेऊन जा." प्रेमाताई, हसताय ना? मग आठवतंय तुम्हाला.

हे मी वेळ काढायला सांगत नाहीये. प्रेमाताईंनी मला मागच्या आठवड्यात एक प्रश्न विचारला. मी त्यांना सामान बांधायला मदत करत होते. वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "सुनंदाबाई, रेडिओवर व्हायोलिन लागलं की हे अजून उठून बंद करतात. सहा वर्षं झाली. पुण्याला जाऊन तरी यातून सुटतील का हो हे?" मी तेव्हा कपबशा गुंडाळत राहिले. आज त्याचं उत्तर द्यायला उभी राहिले आहे. गुरुवारनंतर ते देता येणार नाही. पत्रात लिहिण्यासारखं ते नाही.

उत्सवाच्या मंडपात पुढे तिकिटाच्या खुर्च्या असतात आणि मागे फुकटची जमीन. आपण मागे बसणारे. तिथे जागा धरावी लागते. एकाने दुपारीच जायचं, जमखाना अंथरायचा, त्याच्या कडांना टॉवेल, पिशव्या, छत्र्या ठेवायच्या आणि मध्ये बसून राहायचं. बाकीचे संध्याकाळी येणार. एकट्याने जागा धरली असेल तर उठायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. उठलात की लोक जमखाना गुंडाळून बाजूला ठेवतात आणि बसतात. त्यांचंही चुकत नाही. गाणं सगळ्यांनाच ऐकायचं असतं.

आपल्या मंडळासाठी ते काम आमचे हे करायचे. नरसिंहराव. जुन्या लोकांना आठवत असतील, अस्तराच्या कापडाचं दुकान होतं आमचं. गाण्यात त्यांना रस नव्हता. आलाप सुरू झाला की त्यांना डुलकी लागायची. पण जागा धरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते स्वतः म्हणायचे, "मी गिऱ्हाइकाची वाट बघत वीस वर्षं गादीवर बसलोय, तीन तास काय मोठे?"

नव्वद सालच्या एप्रिलमध्ये बसवनगुडीतल्या एका मंडपात व्हायोलिनची मैफल होती. साडेसहाला सुरू होणार होती. हे तीन वाजता जमखाना घेऊन गेले. आम्ही वीस जण बसने निघालो आणि सहाच्या आधीच बसवनगुडीत उतरलो. अण्णा म्हणाले, "नरसिंहराव बसलेत ना? मग घाई कसली? चला, एकेक कॉफी घेऊ." हॉटेलात गर्दी होती. एकेकीची इडली झाली, कॉफी झाली. मंडपात पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते, वाजवणं सुरू झालं होतं.

हे जमखान्याच्या मधोमध बसले होते. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. दोन्ही हात दोन बाजूंच्या टॉवेलांवर. अण्णांना बघून म्हणाले, "या. वीस जागा. मोजून घ्या." मग आम्हाला बसायला वाट द्यावी म्हणून उठले आणि उठताना पडले. ऑटोने दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

ऑटोत चढवताना शेजारच्या चटईवरचे एक म्हातारे गृहस्थ अण्णांना म्हणाले, "साडेचारपासून त्यांना बरं नव्हतं. मी म्हटलं ऑटो आणतो, घरी जा. ते म्हणाले, जागा जाईल, आमची माणसं येताहेत." मी ऐकलं. अण्णांनीही ऐकलं. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला होता.

त्यानंतर मंडळाची फेरी कुठल्याही मंडपात गेली नाही. अण्णा आपल्याला बागा दाखवायचे, धरणं दाखवायचे. तुमच्यातल्या काहींनी विचारलं असेल, की गाण्याला का नेत नाहीत? ते म्हणायचे, उकडतं. तुम्हाला ते खरं वाटलं असेल.

आणि दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे यायचे. हातात वाचनालयाचं एक मराठी पुस्तक. मी चौथीपर्यंत शिकले तेही कन्नडमध्ये. मराठी अक्षरं मी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून लावायला शिकले होते, पण पुस्तक असं धरलं नव्हतं. पहिलं पुस्तक वाचायला मला दोन महिने लागले. अण्णांनी विचारलं नाही, झालं का म्हणून. दुसरं आणून ठेवलं. सहा वर्षांत मी किती वाचली ते मोजलं नाही. दुकान दिरांकडे गेलं, दिवसाचं काम फार उरलं नाही, तेव्हा त्या पुस्तकांवर मी दिवस काढले. हे सत्काराच्या भाषणात सांगण्यासारखं आहे म्हणून आधी सांगितलं. पुढचं तसं नाही.

कल्पना, पाच मिनिटं झाली, मला दिसतंय. चिठ्ठी पाठवू नकोस. थोडं राहिलंय.

दोन वर्षांपूर्वी अण्णा असेच आले होते. पुस्तक दिलं, बसले, आणि म्हणाले, "सुनंदाबाई, त्या दिवशी मी जर कॉफीला थांबवलं नसतं…" मी मध्येच विचारलं, "साखर किती घालू?"  तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी त्यांना बोलू दिलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. ते उत्तर माझ्याकडे होतं. पहिल्या दिवसापासून होतं.

त्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले होते, "छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय. आज दुसऱ्या कुणाला पाठवलं तर?" मी पोळ्या करत होते. मी म्हटलं, "काल फणसाची भाजी जास्त झाली. ओवा चावा." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. तेव्हा मी काय म्हटलं ते अजून जसंच्या तसं ऐकू येतं. मी म्हटलं, "आज तुम्ही गेला नाहीत तर पुन्हा खांबामागे बसावं लागेल आणि मला पुन्हा ऐकून घ्यावं लागेल."

झालं होतं असं, की आदल्या रविवारी त्यांना उशीर झाला आणि जागा खांबामागे मिळाली. परत येताना बसमध्ये नव्या बायकांपैकी एक म्हणाली, "सुनंदाताई, तुमच्या मिस्टरांनी आज आम्हाला छान खांब ऐकवला हो!" सगळ्या हसल्या. कोण म्हणाली ते मी सांगणार नाही, तिला आठवतही नसेल. साधी थट्टा होती ती. पण मला लागली. आम्ही दुकानदार माणसं, त्या साहेबांच्या बायका, त्यांच्या फेरीत आमचा मान काय तर आम्ही जागा चांगली धरतो, एवढाच. तोही गेला असं मला वाटलं. म्हणून मी त्यांना पाठवलं. ते माझ्या बोलण्याने गेले आणि माझ्याच बोलण्याने उठले नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्यांना ते जे म्हणाले ते आमच्या स्वयंपाकघरातून नेलेलं होतं.

अण्णा, बसा. उठू नका. प्रेमाताई, त्यांना पाणी द्या.

कॉफीला आपण वीस जण थांबलो. मीही थांबले, मीही प्यायले. त्या वेळी त्यांना बरं नाही हे त्या हॉटेलात एकाच माणसाला ठाऊक होतं. ती मी. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही थांबला असतात का? गळ्यातली शिट्टी वाजवून सगळ्यांना पळवलं असतंत.

मग मी हे सहा वर्षं का सांगितलं नाही? पहिल्या वर्षी भान नव्हतं. नंतर पुस्तकं होती. सांगितलं तर रविवारी कोण येईल, असं वाटायचं. आणखी एक आहे, तेही सांगून टाकते. तुम्ही मान खाली घालून माझ्या दारात यायचात तेव्हा मला जरा बरं वाटायचं. तेवढा वेळ ते तुमच्यामुळे झालं, असं समजता यायचं. मी तुम्हाला तसं समजू दिलं. तुमचं गाणं ऐकणं सुटलं हे मला ठाऊक होतं, तरी.

सभेला हे ऐकवायची काय गरज होती, असं गुंडोपंतांना वाटत असेल. अण्णांना घरी बोलावून सांगितलं असतं तर त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं असतं. "जाऊ द्या सुनंदाबाई" म्हणाले असते आणि मी जाऊ दिलं असतं. शिवाय हॉटेलात कुणी थांबवलं, हे मंडळात सहा वर्षं हळू आवाजात बोललं गेलंय. घरातून कुणी पाठवलं हे मोठ्याने बोललं गेलेलं बरं.

परवा मी वाचनालयात जाऊन माझ्या नावाने सभासद झाले. बस दोन बदलाव्या लागतात, पण जमतं. तेव्हा गुरुवारच्या आधी माझ्याकडे यायलाच हवं असं नाही, अण्णा. आलात तर मी या वेळी साखरेचं विचारणार नाही, तुम्ही जे म्हणाल ते शेवटपर्यंत ऐकेन. रागावलात तरी. नाही आलात तरी मला समजेल. प्रेमाताई, ते सुटतील का, हे मला सांगता येत नाही. माझ्या हातात होतं तेवढं मी सोडलं.

कल्पनाने बोलायला बोलावलं, अध्यक्षांनी थांबवलं नाही, तुम्ही एवढ्या उकाड्यात ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलायला नको होतं, ते मोठ्या मनाने पोटात घाला. वेळ जास्त घेतला, त्याचीही क्षमा असावी.

अण्णा, तुमची क्षमा मी या सगळ्यांबरोबर मागत नाही. वेगळी मागते.

नमस्कार.