मावशीचा बर्फ

हीटरनेच घात केला, सांगतो. माझ्या समुद्री माशांच्या टँकचा हीटर मी सव्वीस अंशांवर लावला होता. सकाळी बघतो तर पाणी एकतीस, आणि हीटर चालूच. प्लग काढला, तरी आकडा उतरेना. प्रवाळ आक्रसलेलं, दोन्ही मासे वर येऊन धापा टाकतायत.

तेवढ्यात पाचूबंदरची मासेवाली मावशी दारात आली. म्हटलं, "मावशी, मासे नकोत, बर्फ दे."

बर्फ पिशवीत बांधून पाण्यात सोडला. सगळी बिल्डिंग फिरून मावशी परत आली, तेव्हा आकडा अठ्ठावीसवर होता. ती टँकमध्ये वाकून बघत राहिली.

मी घाबरत विचारलं, "जगतील ना गं?"

"बर्फ हाय ना पान्यात. उद्या सकालपर्यंत वास नाय मारायचे."