एका बाजूचा उजेड

वहिनी, तात्या, माझे सहकारी, सरांचे आजी-माजी विद्यार्थी आणि भरे, घोटावडे या गावांहून आलेली सगळी मंडळी,

कामं टाकून तुम्ही आलात. मुलांच्या बाकांवर अवघडून बसला आहात. मला बोलायला सांगितलं, कारण मी या शाळेत मराठी शिकवतो. शब्द माझ्याकडे असतीलच, असं सगळ्यांना वाटतं. आज ते नाहीत. राग आहे. आणि तो बराचसा माझ्यावरच आहे.

समोर हार घातलेला फोटो आहे. नीट बघा. हे आपले चित्रकलेचे सुतार सर आहेत का?

सकाळी वहिनींनी तो पाहिला आणि विचारलं, "ह्ये कोण हायेत?" ती थट्टा नव्हती. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं, तो त्यांना त्या फोटोत सापडला नाही.

मूळ फोटो आरतीने काढलेला. आरती भऱ्याची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, सरांची विद्यार्थिनी. आता कंपनीत यंत्राच्या भागांची ड्रॉइंग करते. तिने सरांना या वर्गातल्या याच खिडकीशी बसवलं होतं. एक गाल उजेडात, दुसरा अंधारात गेलेला. नाकाची सावली ओठापर्यंत. सर तसेच दिसायचे. तो फोटो मी स्टुडिओला पाठवला. स्टुडिओवाल्याने फोनवर विचारलं, "चेहरा क्लीन करू ना? एका बाजूला काळं आलंय." मी म्हटलं, "करा."

आपल्याकडे माणूस गेला की फ्लेक्सवर तो गोरा होतो. सुरकुत्या जातात. गालाचा खड्डा भरून येतो. आपण त्याला मान देणं म्हणतो. मीही तेच केलं. पण सुतार सरांच्या बाबतीत केलं, आणि ते मला माफ करता येत नाही.

कारण सरांनी इथे एकच गोष्ट शिकवली. वर्षानुवर्षं एकच. त्या स्टुलावरचं मडकं तुमच्यातल्या कितीतरी जणांनी काढलं आहे. मुलं आधी गोल रेघ मारायची. सर मागून यायचे. "रेघ कुटं हाय रं मडक्याला? मला दाखव. हितं उजेड संपतोय, तितं सावली लागतीय. तुमी त्यालाच रेघ म्हनताय." मग पेन्सिल आडवी धरायला सांगायचे. उजेडाकडून हळूहळू अंधाराकडे. सगळ्यात गडद जागा कडेला नाही, कडेच्या जरा अलीकडे. अगदी कडेला पुन्हा थोडा उजेड. तो टेबलावरून परत आलेला. शेवटी टेबलावर पडलेली सावली. ती काढली की मडकं बसायचं. नाही काढली की हवेत तरंगायचं.

कागद सपाटच असतो. तरी मुलं त्या मडक्यात हात घालायला जायची. हे मी या दारात उभं राहून पाहिलं आहे.

मी यावर काही मोठं बोलायला गेलो की सर थांबवायचे. "सर, तुमी मराठीवाले. तुमाला मडकं दिसत न्हाई. मडक्यावरचा निबंध दिसतोय." तेव्हा मी आज निबंध सांगणार नाही. घडलं ते सांगतो.

एकदा त्यांनी मला त्या खिडकीशी बसवून माझं चित्र काढलं. मी पाहिलं आणि मला ते लागलं. डोळ्यांखाली एवढं काळं. म्हटलं, "सर, हे जरा कमी करा." ते म्हणाले, "कमी केलं तर डोळं चिकटवल्यागत दिसतील." मी हट्ट सोडला नाही. त्यांनी खोडरबर माझ्या हातात दिलं. "घ्या. तुमीच पुसा."

मी पुसलं. हनुवटीखालचंही पुसलं. मान गेली. चेहरा भाकरीसारखा सपाट झाला. सर हसले नाहीत. तो कागद त्यांनी कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. कपाट उघडलं की मला दिसायचा. रोज दिसायचा. तरी परवा फोनवर मी "करा" म्हटलंच. मग मी काय शिकलो?

आता तात्या, तुमच्याशी बोलतो. तुम्ही शाळेचे अध्यक्ष. तुम्ही शाळेसाठी पुष्कळ केलंत, आणि हे बोलायची जागा ही नव्हे, असं कोणी म्हणेल. दुसरी जागा मला मिळणार नाही. सोमवारी गवंडी येणार आहे.

या खोलीला दोन खिडक्या होत्या. एकीसमोर भाड्याच्या खोल्या उठल्या आणि तिचा उजेड गेला. उरली ती ही, मावळतीची. मग तुम्ही छताला चारी बाजूंनी ट्यूब लावल्या. सर आपल्या तासाला त्या बंद करायचे. तुम्हाला ते आवडायचं नाही. तुमचं बोलणं मी ऐकलेलं आहे. "सर, उजेडासाठी एवढ्या ट्यूबा लावल्यात की." आणि सरांचं उत्तर, "तात्या, उजेड लई झालाय. चारीकडनं आलाय. म्हनून तर काय दिसंना." तुम्ही हसलात. म्हणालात, "कलावंत मानूस." विषय संपला.

आता इथे डिजिटल फळा येणार आहे. खिडकीमुळे त्याच्यावर चकाकी येते, म्हणून ती विटांनी बुजवायची. आणि खोलीला नाव द्यायचं सुतार सरांचं.

मंडळी, तो ठराव मी लिहिला. "सरांच्या स्मृती चिरंतन राहाव्यात म्हणून", हे वाक्य माझं आहे. सगळ्यांना आवडलं. वहिनींना मी ते वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग खिडकी कशापायी बुजवताय?"

तात्या, ते वाक्य मी परत घेतो. नाव देऊ नका. फळा दुसऱ्या भिंतीला लावा. खिडकीला पडदा लावा, मी शिवून आणतो. पण गवंड्याला नको म्हणून सांगा. ती एक खिडकी गेली, तर या शाळेतलं कोणतंही मूल पुन्हा मडकं काढू शकणार नाही. गोल रेघ मारेल आणि आपण त्याला चांगले मार्क देऊ.

आत्ता उत्तर देऊ नका. आधी एक करा.

आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहणार आहोत. आरती, तू बटणांजवळ आहेस. सगळ्या ट्यूब बंद कर. साडेचार वाजलेत, खिडकीतून ऊन आत आलं आहे. तेवढं पुरे.

आणि एक विनंती. डोळे मिटू नका. सरांना ते चाललं नसतं. फोटोकडेही बघू नका, तो उजेडातही तसाच आणि अंधारातही तसाच. शेजारी वहिनींनी मडकं ठेवलंय. त्याच्याकडे बघा. मग शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. तात्या, तुम्हीसुद्धा.

आरती, कर बंद.

उभे राहू या.