शेजारी कुणी नसताना

(आईचं स्वयंपाकघर. मुलगा ऑफिसातून थेट आला आहे, पायात अजून बूट आहेत.)

मुलगा: आठवून सांग ना, आई. त्या तपासणीवाल्या बाईंना तू नेमकं काय सांगितलंस?

आई: कोणत्या बाई? ती वर्गात मागे बसून नुसती टिपून घेत होती, ती? मला वाटलं कुणातरी पोराची मावशी असेल. चहा विचारला, तर नको म्हणाली.

मुलगा: मावशी नाही. माझ्या अ‍ॅपला प्रमाणपत्र द्यायचं की नाही, ते त्या ठरवतात. मुलांना अ‍ॅपमुळे खरंच गणित येतं का, याचा पुरावा तपासतात. ते प्रमाणपत्र नसेल तर एकही शाळा आपल्याला दारात उभं करणार नाही.

आई: मग चांगलंच सांगितलं की मी. म्हटलं, पोरं हुशार झाली हो. खोटं नाही बोलले.

मुलगा: झाली, पण फक्त तुझ्या वर्गातली. बाकीच्या तिन्ही वर्गांत जैसे थे. तेच टॅब, तेच धडे, तेवढाच वेळ.

आई: तिथले टॅब बिघडले असतील.

मुलगा: टॅब ठणठणीत आहेत. तिथे तू नव्हतीस.

आई: मी? मी काय करते? तूच म्हणालास, खोली उघडायची, टॅब वाटायचे, शेवटी गोळा करून कपाटात ठेवायचे. तेवढंच करते.

मुलगा: आणि मधल्या वेळात?

आई: बसते. आता भिंतीकडे तोंड करून बसू का? एखाद्या पोराने उत्तर काढलं की विचारते, काय आलं रे? कसं आलं? मला तुमचं नवं गणित ओ की ठो कळत नाही, मग ती सांगतात. ती वेण्यावाली तर दोनदोनदा सांगते आणि कपाळावर हात मारून घेते.

मुलगा: बाईंनी नेमकं तेच लिहिलंय. ‘सुधारणा अ‍ॅपमुळे झाली की शेजारी बसणाऱ्या आजींमुळे, हे सांगता येत नाही.’

आई: आजी म्हणे. तीही काही कालची पोर नव्हती.

मुलगा: आई, प्लीज.

आई: बरं, मग लिहा की तसं. शेजारी कुणी बसलं तर चालतं म्हणून.

मुलगा: आणि आजी कुठून आणू? टॅबबरोबर खोक्यात घालून विकू? शाळा हे घेणार ते वेगळं माणूस लागत नाही म्हणूनच. मी म्हटलं, ते वाक्य बारीक अक्षरात तळाला टाकतो. तर बाई म्हणाल्या, लपवायचं असेल तर प्रमाणपत्र विसरा.

आई: खमकी दिसते.

मुलगा: त्यांचं बरोबर आहे गं, त्याचाच तर राग येतो.

आई: मग आता?

मुलगा: पुन्हा चाचणी. तीन महिने. खोली तीच, मुलं तीच, पण आत मोठं माणूस कुणी नाही. शिपाई बाहेर बसेल. मला किल्ल्या हव्यात, आई.

आई: अच्छा. म्हणून बूट काढले नाहीस.

मुलगा: तसं नाही.

आई: मी लांब बसले तर? शिवण घेऊन. तोंडाला कुलूप लावते.

मुलगा: तू आणि तोंडाला कुलूप?

आई: मान वर करणार नाही, मग तर झालं?

मुलगा: तू दिसलीस की मुलं येणारच तुझ्याकडे.

आई: हो, ते येतील. चार वाजले की माझे पायच निघतात रे तिकडे. तुझे बाबा गेल्यापासून संध्याकाळी हे घर खायला उठतं. तिथे कुणीतरी मला काही सांगायला धावत येतं.

मुलगा: माहीत आहे मला.

आई: नाही. मी फोनवर ‘बरी आहे’ म्हणते, तेवढंच तुला माहीत आहे.

मुलगा: मग माझंही ऐक. भागीदार सोडून गेला, कामावरची मुलं एकेक करून गेली. ऑफिसात आता मी आणि तो खडखडणारा पंखा. प्रमाणपत्र नाही मिळालं तर पंखाही घरमालकाचा.

आई: सोडून दे ना मग. नोकरी धर कुठेतरी.

मुलगा: हे कशासाठी काढलं ठाऊक आहे? तू दवाखान्यात रात्रपाळीला, बाबा फिरतीवर. मी आणि गणिताचं पुस्तक. अडलं तर विचारायला कुणी नाही. तेव्हा वाटायचं, एकट्या मुलालासुद्धा शिकता येईल असं काहीतरी हवं.

आई: तू तर म्हणायचास, मला एकटं बसायला आवडतं.

मुलगा: तुला निघायची घाई असायची. दुसरं काय म्हणणार?

आई: आणि मी वॉर्डभर सांगत फिरायचे, माझं पोर किती शहाणं आहे.

मुलगा: जाऊ दे आता.

आई: हं, घे. मोठी दाराची, छोटी कपाटाची. छोटी जरा उचलून फिरवायला सांग त्या शिपायाला. आणि वेण्यावालीला काय सांगशील?

मुलगा: काही नाही. मुलं विसरतात.

आई: विसरू देत. तुझ्या पुराव्याला बरंच ते. एक सांग, माझ्याशिवाय त्यांना गणित आलं, तर?

मुलगा: तर प्रमाणपत्र मिळेल. शेजारी कुणी लागत नाही, हे सिद्ध होईल.

आई: आणि नाही आलं तर?

मुलगा: तर कंपनी बंद. टॅब जातील, वर्गही जाईल.

आई: म्हणजे मी दोन्हीकडून घरीच.

मुलगा: आई, मी हा विचार…

आई: नसेल केलास. असू दे. तुला प्रमाणपत्र मिळू दे, मनापासून सांगते.

मुलगा: तुझ्या फोनवर अ‍ॅप घालून देऊ? संध्याकाळी तेवढाच वेळ जाईल.

आई: मला एकटीला जमेल?

मुलगा: एकट्या माणसासाठीच आहे ते.

आई: उत्तर आलं की कुणाला सांगायचं?

मुलगा: सांगावं लागत नाही. स्क्रीन हिरवी होते.

आई: आणि मग?

मुलगा: मग पुढचं गणित.