कॅप्टनसाहेबांचं बालपण

नाही नाही, बेल वाजवू नका काका — बेल नको — इथे जिन्यातच बसा दोन मिनिटं. लिफ्ट? लिफ्टचा नुसता खड्डा आहे, बिल्डर म्हणतो पुढच्या वर्षी. बसा. मी साकेत. हो, तोच, कुलवृत्तांतात ज्याच्या नावापुढे ‘शिक्षण चालू’ छापलंय — चालू कसलं, इंजिनिअरिंग सोडून दीड वर्ष झालं. आणि तुम्ही ग्वाल्हेरच्या दप्तरखान्यातले, बरोबर? पिशवी बघूनच ओळखलं. तुमची दोन पत्रं आली होती. बाबांना नाही मिळाली. मला मिळाली — खाली पत्रांच्या पेट्या आहेत ना, किल्ली माझ्याकडे असते. फाडली. हां, फाडली, आता काय करू? म्हणून तुम्ही दिल्लीच्या कामातून वाट वाकडी करून, एवढ्या उन्हात फरीदाबादला आलात, उत्तर का नाही ते बघायला. माणसं इतकी सज्जन कशाला असतात यार?

पिशवीत काय आहे ते ठाऊक आहे मला. मुरारच्या छावणीतल्या शाळेचं हजेरीपुस्तक, त्याची नक्कल. कॅप्टन त्र्यंबकराव — माझ्या आजोबांचे आजोबा, शिंदे सरकारच्या फौजेतले. घराण्यात दुसरं आहे कोण? सगळे हेडक्लार्क. बाबा सेक्शन ऑफिसर, म्हणजे जरा मोठे हेडक्लार्क. म्हणून कुलवृत्तांत काढायचा, आणि पहिलं प्रकरण कॅप्टनचं, ‘बालपण आणि शिक्षण’. मी कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते — आठ महिने! — मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, ‘त्याला म्हणावं मीठ सरकव.’ मग एक दिवस कागद टाकले समोर : रिकामटेकडा आहेस, एवढं तरी लिही. कागद म्हणजे काय, तर एक फोटो आणि मृत्यूची तारीख. बालपण कुठून आणू? केलं तयार. गच्चीवर शेंगा खात, तीन दुपारी. नवव्या वर्षी पोरगा एकटा शाळेला निघाला, मागे वळून पाहिलं नाही, तबेल्यातल्या कंदिलाखाली भूमिती शिकला — तो तबेला, तो कंदील, सगळं माझं. बाबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, ‘शाबास.’ मला. तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं.

छापलं, दोनशे घरी गेलं, बाबांनी एक प्रत तुमच्या दप्तरखान्यालाही पाठवली. आणि गंमत बघा — रोज जेवताना मलाच ऐकवायला लागले, ‘ते तबेल्यात शिकले, तुला पंख्याखाली जमलं नाही!’ माझाच कंदील माझ्याच डोक्यात. हसताय? हसा. मीही हसायचो, मार्चपर्यंत.

मार्चमध्ये अर्णव नऊ वर्षांचा झाला. माझा धाकटा भाऊ. बाबांनी डोंगरातल्या सैनिकी शाळेचा फॉर्म आणला. का? कॅप्टन नवव्या वर्षी गेले म्हणून! अख्खी सोसायटी पोरांना कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवतेय, गुडगावात परदेशी कंपन्या येतायत म्हणून — आणि आमच्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीचा घोडा. आई? तिने रडत रडत दोन किलो चिवडा केला आणि शर्टांवर नंबर शिवले. आज चार वाजता त्याला न्यायला टॅक्सी येणार — किती वाजले तुमच्या घड्याळात? साडेतीन? बाप रे. तो माझ्या पायाला पाय लावल्याशिवाय झोपत नाही, काका. काल विचारत होता, ‘दादा, त्यांनी खरंच मागे वळून नाही पाहिलं?’ मी काय म्हणालो असेन? ‘बिल्कुल नाही रे.’ असं म्हणालो मी.

आणि खरं काय? हो, फाडायच्या आधी वाचलं होतं पत्र. कॅप्टन शाळेतून तीनदा पळून घरी आला. तिसऱ्यांदा त्याची आई स्वतः बैलगाडीतून शाळेत गेली, नाव काढून घेऊन आली. पलटणीत भरती झाला एकोणिसाव्या वर्षी, सहीच्या जागी अंगठा. तरी कॅप्टन झाला! झालाच ना?

खरं सांगू, तुम्हाला परस्पर कटवायलाच इथे बसवलं होतं. पण आता वाटतंय — काढा ना तो कागद. तुम्ही वाजवा बेल. मी नाही, माझं कोण ऐकतो? तुमच्या कागदावर शिक्का आहे. सरकारी शिक्का दिसला की बाबा आपोआप उभे राहतात. ती कॅप्टनला त्याच्या आईने परत आणल्याची ओळ आधी वाचा, मोठ्याने, म्हणजे स्वयंपाकघरात ऐकू जाईल. आणि प्रकरण कोणी रचलं विचारलं तर माझं नाव सांगा. मारतील. मारू देत. बोलणं टाकतील — परत ते मीठ, परत आठ महिने — थांबा. एक मिनिट थांबा.  एकवीस वर्षांचा घोडा मी, आणि बापाला —

कडी वाजली. बाबा.

‘हो बाबा! … नाही, कोणी नाही! … पत्ता चुकलेत, मागच्या ब्लॉकचे पाहुणे आहेत!’

उठा काका. प्लीज उठा. पिशवी घ्या. खाली उतरलात की डावीकडे —

‘आलो बाबा! राहू दे, ट्रंक मी उचलतो!’