हसरा फोटो

मला संशयी म्हणता? अहो, पंचवीस वर्षं नाटकं आणि वर मालिका करून दाखवा, मग बोलू.

कात्रजला आमच्या मालिकेचं शूटिंग चालायचं. मी त्यात मोठी जाऊ. एक दिवस सेट सजवणाऱ्या जोशींचा फोन आला, "ताई, तुमचा एक फोटो पाठवा. समोर बघणारा, हसरा."

मालिकेत नटीचा हसरा फोटो मागतात तो हार घालायला.

"कशाला हवाय?"

"सहज. दिवाणखान्यात लावायला."

"चार वर्षं त्या दिवाणखान्यात मी स्वतः वावरतेय. आत्ताच फोटो कशाला?"

"ताई, मी फक्त फ्रेम करतो."

म्हटलं, थांबा. माझ्याकडे एक फोटो होता, मी आणि शलाका, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून. शलाका म्हणजे मालिकेतली माझी धाकटी जाऊ आणि निर्मात्याची लाडकी. तिला मारायची कोणाची छाती होती? तोच पाठवला आणि कळवलं, "दुसरा नाही."

पुढच्या आठवड्यात नवे सीन हातात आले. लेखकाने घाटातून गाडी दरीत ढकलली होती आणि गाडीत आम्ही दोघी! भिंतीवर फोटो तोच लागला, फक्त हार मोठा आणला होता.

शलाका अजूनही कोथरूडला भाजी घेताना भेटली की विचारते, "ताई, आपला तो फोटो त्यांना दिला कोणी हो?"

मी म्हणते, "मला त्या जोशींचाच संशय येतो."